मोर्चाचा आवाज आणि शेजाऱ्याची झोप

नमस्कार. आंदोलनाचा आवाज कुठवर चालावा आणि शेजाऱ्याची शांतता कुठून सुरू व्हावी, या प्रश्नावर मला बोलायचंय. सगळ्यात आधी मी कुठून बोलतेय ते सांगते, म्हणजे पुढचं ऐकताना सोपं जाईल. मी बरीच वर्षं मोर्चात घोषणा दिल्यात, मेगाफोन खांद्याला अडकवून तासन्तास चाललेय, बॅटरी संपली की घसा बसेपर्यंत ओरडलेय, आणि तेव्हा एखाद्या खिडकीतून कुणी "जरा हळू" अशी खूण केली तर मला मनापासून राग यायचा, वाटायचं आम्ही यांच्यासाठीच तर भांडतोय आणि यांना आपल्या टीव्हीची पडलीय. मग एक वेळ अशी आली की आई ऑपरेशन होऊन घरी होती आणि समोरच्या मैदानात धरणं बसलं. मागणी रास्त होती, मी स्वतः दुपारी तिथे जाऊन बसायचे. पण रात्री साडेअकरा झाले तरी स्पीकर चालूच, आणि खिडक्या लावल्या तरी तो बेस, म्हणजे आवाजातला खोल धमधमणारा भाग, आत येतोच, कानाला कमी आणि छातीला जास्त लागतो. आईच्या उशाशी पाण्याचा पेला होता, वर झाकण, ते प्रत्येक ठोक्याला किणकिणत होतं. मी झाकण काढून पेल्याखाली रुमाल घातला. ती म्हणाली, "त्यांना जाऊन काही बोलू नकोस, त्यांचंही बरोबर आहे," आणि कूस बदलून पडून राहिली. डोळे उघडेच होते.

तेव्हापासून मला या प्रश्नात एक फरक फार महत्त्वाचा वाटायला लागलाय. ज्याच्या कानापर्यंत पोचायचंय तो माणूस वेगळा, आणि ज्याच्या कानावर पडतंय तो वेगळा. मंत्री, मालक, कंपनी, महापालिका, ज्यांनी ऐकावं म्हणून आपण ओरडतो, त्यांना त्रास झाला तर तो आंदोलनाचा भागच आहे, त्यांनी "आम्हाला आवाजाचा त्रास होतो" म्हणून तक्रार केली तर ती शेजाऱ्याची तक्रार नाही. पण तिसऱ्या मजल्यावरची आजारी बाई, तान्हं मूल, उद्या परीक्षा असलेला मुलगा, यांनी काय केलंय? आणि मुख्य म्हणजे त्यांना उठून जायला जागा नाही, घर हीच त्यांची शेवटची जागा. आवाजाचे नियम या माणसांसाठी असावेत. गडबड तिथे होते जिथे पहिला माणूस दुसऱ्याच्या आड लपतो.

हे काही मी हवेत बोलत नाहीये. १९६६ चा जो नागरी आणि राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार आहे, त्याच्या कलम २१ मध्ये शांततेने जमण्याचा हक्क आहे आणि त्याच कलमात मर्यादाही लिहून ठेवल्यात, त्यात सार्वजनिक आरोग्य आणि इतरांचे हक्क हे शब्द स्पष्ट आहेत, म्हणजे शेजाऱ्याची झोप ही बाहेरून आणलेली सबब नाही, ती आतच आहे. आणि २०२० साली संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने या कलमावर जे सविस्तर विवेचन केलं त्यात असंही सांगितलं की शक्य तिथवर आंदोलन ज्याला उद्देशून आहे त्याला ते दिसलं पाहिजे आणि ऐकू गेलं पाहिजे. म्हणून "तुम्ही खुशाल ओरडा पण गावाबाहेरच्या मैदानात" हे उत्तर चालत नाही.

आता थोडं आवाजाबद्दल, कारण भांडतात सगळे पण मोजत कुणी नाही. डेसिबल ही सरळ पट्टी नाही. १० डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दहापट होते आणि कानाला साधारण दुप्पट मोठं वाटतं. म्हणजे १० ने कमी केला तर ऐकणाऱ्याला निम्मा वाटतो, आणि हे १० कमी करणं पुष्कळदा नुसतं एक बटण फिरवण्याइतकं असतं. उघड्यावर एका स्पीकरपासून अंतर दुप्पट झालं की साधारण ६ डेसिबल घटतात, १० मीटरवरून ८० वर गेलात तर १८ घटले. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये सांगितलेला झोपेच्या खोलीतला आकडा आहे ३० डेसिबल, आणि मध्येच येणारा एखादा मोठा आवाज ४५ च्या वर जाऊ नये. ३० म्हणजे कुजबुज. आता विचार करा, मंचाजवळ शंभराच्या आसपास आवाज आहे आणि समोरच्या इमारतीत खिडकी उघडी आहे, तर कुठला आलाय ३०!

आणि इथे आंदोलन करणाऱ्यांनी एक गोष्ट शिकायला हवी. एका टोकाला स्पीकरच्या मोठ्या खोक्यांची भिंत उभी करून शेवटच्या माणसापर्यंत आवाज ढकलायचा म्हटलं की पुढच्यांच्या कानठळ्या बसतात आणि मागच्या इमारतीही हलतात. त्याऐवजी लहान स्पीकर गर्दीत थोड्या थोड्या अंतरावर, तोंड गर्दीकडे, बेस कमी करून लावले की भाषण उलट जास्त स्पष्ट ऐकू येतं, कारण माणसाचं बोलणं समजायला तो बेस लागतच नाही, भिंतीतून आत शिरतो तो मात्र नेमका तोच.

कोर्टात हा वाद जुना आहे. अमेरिकेत १९४८ मध्ये लॉकपोर्ट नावाच्या गावात लाऊडस्पीकरसाठी पोलिसप्रमुखाची परवानगी लागायची, ती कुणाला द्यायची कुणाला नाही याला काही निकषच नव्हता, सुप्रीम कोर्टाने तो नियम ५ विरुद्ध ४ मतांनी रद्द केला. पुढच्याच वर्षी ट्रेंटन शहराचा नियम आला, गाडीवर भोंगे लावून कर्कश्श आवाज करत रस्त्यावर फिरायला बंदी, तो मात्र टिकला. तेव्हा विरोधात गेलेल्या न्यायमूर्ती ब्लॅक यांचं म्हणणं मला आजही पटतं, की ज्याच्याकडे वर्तमानपत्र नाही, रेडिओ नाही, त्याच्याकडे स्वस्तात लोकांपर्यंत पोचायचं साधन हेच आहे. ज्याला मंत्र्याला फोन लावता येतो त्याला रस्त्यावर ओरडावं लागत नाही.

पण मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो १९७२ चा ग्रेनेड (हे माणसाचं आडनाव) विरुद्ध रॉकफर्ड हा निकाल, तोही अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचा. इलिनॉय राज्यातल्या रॉकफर्ड शहरात एका शाळेसमोर १९६९ मध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या तक्रारींवरून सुमारे २०० माणसं जमली होती, अटका झाल्या. शहराचे दोन नियम होते. एक, शाळा चालू असताना जवळ वर्गात व्यत्यय येईल असा आवाज करायचा नाही. दुसरा, शाळेजवळ निदर्शनंच करायची नाहीत, फक्त शाळेच्या कामगार तंट्यातली शांततेतली निदर्शनं चालतील. कोर्टाने पहिला ठेवला आणि दुसरा उडवला. न्यायमूर्ती थर्गुड मार्शल यांनी कसोटी सांगितली ती अशी की त्या वेळी त्या जागी जे नेहमीचं काम चालतं त्याच्याशी तुमची व्यक्त व्हायची पद्धत मुळातच जुळत नाही का, हे बघा. विषय काय आहे ते बघू नका. एका विषयाला सूट आणि दुसऱ्याला बंदी दिली की तो आवाजाचा नियम राहत नाही, तो मतांचा नियम होतो.

हीच कसोटी आपल्याकडच्या नियमांना लावून बघा. भारतात ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले, राहत्या भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकर बंद. चांगलेच आहेत. पण त्यातच राज्य सरकारला वर्षातून १५ दिवसांपर्यंत सांस्कृतिक आणि धार्मिक प्रसंगांसाठी मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते, आंदोलनासाठी अशी सूट नाही. मला आंदोलनाला रात्री बाराची सूट नकोय, अजिबात नकोय. माझं म्हणणं एवढंच आहे की झोपलेल्या माणसाला आवाज कशाचा आहे याने काय फरक पडतो? जो पोलीस मोर्चाकडे मीटर घेऊन येतो तो सगळीकडे तोच मीटर घेऊन गेला पाहिजे, तरच मोर्चातला माणूस तो आकडा मानेल.

दिल्लीतल्या जंतरमंतरचं उदाहरण तर अनेकांना आठवत असेल. तिथल्या रहिवाशांच्या तक्रारी खऱ्या होत्या, वर्षानुवर्षं घरासमोर भोंगे. ५ ऑक्टोबर २०१७ ला राष्ट्रीय हरित लवादाने तिथली आंदोलनं बंद करून रामलीला मैदानावर हलवायला सांगितलं. मग २३ जुलै २०१८ ला सुप्रीम कोर्टाने, न्यायमूर्ती सिक्री आणि न्यायमूर्ती अशोक भूषण यांनी, रहिवाशांचा त्रास मान्य केला आणि तरीही सांगितलं की सरसकट बंदी चालणार नाही, पोलिसांनी दोन महिन्यांत नियमावली करावी. दोन्ही गोष्टी एकाच निकालात मान्य केल्या, हे मला फार मोठं वाटतं, कारण आपल्याकडे वादात दुसऱ्याचं दुखणं मान्य केलं की आपण हरलो असं समजतात.

कॅनडाच्या राजधानीत, ओटावातही २०२२ मध्ये असंच. ट्रकवाले जानेवारीच्या शेवटी संसदेजवळ येऊन बसले, रात्रंदिवस हॉर्न, आजूबाजूला हजारो लोकांची घरं. त्यांची मागणी मला पटत नव्हती पण ते बाजूला ठेवू. ७ फेब्रुवारीला कोर्टाने १० दिवसांसाठी मनाई हुकूम दिला, तो हॉर्नवर, आणि शांततेने आंदोलन करायची मोकळीक आहे हेही सोबत सांगितलं. पुढे ट्रक हटवले ते निराळ्या कायद्याने, निराळ्या कारणाने. त्या हुकुमाने ज्या गोष्टीने झोप उडत होती तेवढीच उचलून बाजूला काढली.

याच्या उलट इंग्लंड आणि वेल्समध्ये २०२२ च्याच कायद्याने पोलिसांना आवाजाच्या कारणावरून आंदोलनावर अटी घालता येतात, अगदी एकटा माणूस उभा असला तरी. आणि कारणांमध्ये आहे की जवळच्या एखाद्या संस्थेच्या कामात गंभीर व्यत्यय आला तर. आता ती संस्था कोण? बहुतेक वेळा तीच, जिच्या दारात लोक जमलेत! आता ज्याच्याविरुद्ध ओरडायचं तोच शेजारी म्हणून उभा राहणार, आणि खरा शेजारी, त्या तिसऱ्या मजल्यावरची बाई, तिला विचारतंय कोण.

बरं, कधी कधी शेजारीच आंदोलक असतो. कॅनडातल्या क्यूबेक प्रांतात मे २०१२ मध्ये ५० पेक्षा जास्त लोकांच्या मोर्चाला आठ तास आधी कळवायची सक्ती करणारा कायदा आला आणि लोक रात्री ८ वाजता बाल्कनीत येऊन पातेली बडवायला लागले. म्यानमारमध्ये फेब्रुवारी २०२१ मध्ये लष्कराने सत्ता घेतल्यावर पुन्हा तेच, रात्री ८ वाजता घराघरातून भांडी. तिथे डेसिबलचा नियम काढून कुणी दारावर आलं असतं तर तो झोपेसाठी आला नसता हे सांगायला नको. पण बघा, दोन्हीकडे वेळ ठरलेली होती. आवाज येणार, आणि मग थांबणार, हे माहीत असलं की माणूस खूप सहन करतो. कधी थांबेल ते माहीत नसलेला आवाज माणसाला पोखरतो.

न्यूयॉर्कमध्ये २०११ च्या वॉल स्ट्रीटच्या आंदोलनात माईकची परवानगी नव्हती, तर बोलणाऱ्याचं वाक्य जवळचे लोक एका सुरात पुन्हा म्हणायचे, मग मागचे, असं शेवटपर्यंत. ढोल मात्र दिवसभर चालायचे आणि आसपासचे लोक वैतागले होते. तेव्हा आंदोलकांनी स्वतःच शेजाऱ्यांसाठी जाहीर केलं की ढोल दिवसातून दोनच तास, सकाळी ११ ते संध्याकाळी ५ च्या आत. ढोलवाले रागावले, आतच भांडणं झाली. होऊ देत. ही भांडणं पोलिसांसमोर होण्यापेक्षा आपापसात झालेली बरी.

आम्ही नंतरच्या एका धरण्याच्या वेळी आजूबाजूच्या प्रत्येक इमारतीच्या गेटवर एक कागद लावला, स्पीकर किती वाजता चालू, किती वाजता बंद, आणि खाली माझा नंबर. रात्री ९ ला बंद म्हणजे बंद, मग भाषण अर्धं राहिलं तरी. तिसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. हॉस्पिटलात रात्रपाळी करणारी बाई होती, ती दिवसा झोपते. चिडून बोलत नव्हती, थकून बोलत होती. मी तिच्या घरी गेले, खोलीत उभी राहिले, पडदा लावलेला, खाटेवर उशी दुमडून ठेवलेली, कारण ती उशी कानावर घेऊन झोपायचा प्रयत्न करत होती. तिथून आमची घोषणा शब्दन् शब्द ऐकू येत होती. परत येऊन आम्ही दोन खोकी दुसऱ्या बाजूला फिरवली, बेस पूर्ण उतरवला, दुपारी १ ते ४ फक्त तोंडी घोषणा ठेवल्या. संध्याकाळी तिला विचारलं तर म्हणाली, "कमी झालंय, पण येतोय अजून." तिच्यासाठी रात्री १० चा नियम काहीच कामाचा नाही आणि तिच्या खिडकीत येऊन कुठलं मीटर कुणी लावणार नाही. धरणं आणखी सहा दिवस चाललं, आणि ती सहाही दिवस दुपारी मला मेसेज करून सांगायची, आज किती ऐकू आलं ते.