लाकडाला गंज लागतो काय?

श्रोतेहो, नमस्कार.

आज एक जहाज ओळखायचं आहे. डोळे मिटा आणि समोर आणा. तीन उंच डोलकाठ्या. त्यांच्यावर आडव्या काठ्या आणि दोरखंडांचं असं जाळं की कावळासुद्धा अडकावा. नाळेवर, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाला, एक अगडबंब दाढीवाला समुद्रदेव. मागच्या अंगाला जत्रेतल्या रथासारखं कोरीवकाम. आणि हे सगळं उभं कुठे, तर इटलीतल्या जिनोआच्या जुन्या बंदरात, तिथल्या प्रसिद्ध मत्स्यालयाच्या जवळ.

ओळखलंत? तुमच्यातल्या निम्म्यांनी मनात म्हटलं असेल, जिनोआ ना, कोलंबसाचं गाव, मग कोलंबसाचं जहाज. वाईट वाटून घेऊ नका. मीही तेच म्हटलं होतं, आणि तेही मोठ्यानं.

ही गोष्ट वीसेक वर्षांपूर्वीची. मी तेव्हा मालवाहू जहाजावर डेक कॅडेट होतो. कॅडेट म्हणजे जहाजावरचा असा प्राणी, जो अधिकारीही नाही आणि खलाशीही नाही. दोन्हीकडची कामं करतो आणि दोन्हीकडच्या शिव्या खातो. आमचे सारंग दाभोळचे. सारंग म्हणजे डेकवरच्या खलाशांचा म्होरक्या, कोकणातल्या श्रोत्यांना हे सांगायला नको. वय साठीला टेकलेलं, डोक्यावर लोकरीची टोपी, बारा महिने. चारचौघांत मला ‘कॅडेटसाब’ म्हणायचे, एकटे असलो की ‘पोरा’. सगळे खलाशी त्यांना चाचा म्हणत. आता समुद्रावरच्या लुटारूंनाही आपण मराठीत चाचेच म्हणतो. त्यावरून आमच्या मेसमध्ये जे विनोद होत, ते चाचा अगदी शांतपणे ऐकून घेत आणि मग विनोद करणाऱ्याला साखळीच्या खणात चिखल काढायला पाठवत.

तर जिनोआत चार तासांची सुट्टी मिळाली. सेकंड ऑफिसरनं निघताना सांगितलं होतं, कोलंबसाचं जहाज ठेवलंय तिथे, बघून या. आम्ही दोघं चालत चालत धक्क्यावर आलो, आणि समोर ते जहाज. मी हरखलो. शाळेत पाठ केलेलं सगळं एका दमात चाचांना ऐकवलं. १४९२, तीन जहाजं, सांता मारिया, अमेरिका.

चाचा काही बोलेनात. सगळे लोक माना वर करून डोलकाठ्यांचे फोटो काढत होते. चाचा मात्र धक्क्याच्या कडेला उकिडवे बसले आणि खाली पाण्याकडे बघायला लागले. मला वाटलं, मासे बघतायत.

पाचेक मिनिटांनी त्यांनी मला खुणेनं बोलावलं. पाणी जिथे जहाजाला टेकतं त्या रेघेकडे बोट केलं. तिथे तांबूस ओघळ होते. आपल्या न्हाणीघरात लोखंडी बादली ठेवली की फरशीवर जसे उमटतात, अगदी तसे.

चाचा म्हणाले, “पोरा, लाकडाला गंज लागतो काय रे?”

श्रोतेहो, मी आयुष्यात बऱ्याच परीक्षा दिल्या. पण इतका छोटा प्रश्न आणि इतका मोठा भोपळा पुन्हा कधी मिळाला नाही.

मग चाचांना चेव आला. म्हणाले, तिकीट काढ. तिकीट मीच काढलं, कॅडेटच्या पगारातून. आत गेलो तर चाचा आपले मडकं घेताना बायका टिचकी मारतात तशी भिंतीला टिचकी मारत चाललेत. वरच्या डेकवर टक, टक. लाकूड. जिना उतरून खाली गेलो, बोटाच्या पेरानं ठोकलं, आणि आवाज आला ठण्ण. चाचांनी माझ्याकडे बघितलं. पुन्हा ठोकलं, ठण्ण. शेजारचं एक इटालियन कुटुंब थांबून बघायला लागलं, त्यांच्या लहान मुलानंही ठोकून बघितलं. मग बाहेर येऊन चाचा मागच्या बाजूला गेले, नाक वर करून हुंगलं आणि जाहीर केलं, “इंजिन आहे. कोलंबस डिझेल जाळत नव्हता.”

धक्क्यावर एक म्हातारे गृहस्थ गळ टाकून बसले होते. बंदरातच जन्म गेलेला असावा. माझं मोडकं इंग्रजी, त्यांचं त्याहून मोडकं. चाचांनी बोटानं जहाज दाखवलं, मग दोन्ही हातांनी छातीशी कॅमेरा धरल्यासारखं करून हँडल फिरवलं. म्हणजे, सिनेमा? म्हातारा खदखदून हसला आणि म्हणाला, “सी, सी! पोलान्स्की!”

तर ही ओळख. जहाजाचं नाव ‘नेपच्यून’. रोमन पोलान्स्की या दिग्दर्शकाच्या ‘पायरेट्स’ या १९८६ च्या सिनेमासाठी १९८५ साली ट्युनिशियात बांधलेलं. सतराव्या शतकातल्या स्पॅनिश गॅलियनची, म्हणजे शिडाच्या मोठ्या जहाजाची, प्रतिकृती. ६० मीटरच्या पुढे लांब. पाण्याच्या वर गॅलियन, पाण्याखाली पोलाद, आणि पोटात ४०० अश्वशक्तीचं इंजिन. पुन्हा सांगतो, कारण रेडिओवर मागे जाऊन वाचता येत नाही: वर गॅलियन, खाली पोलाद, आत इंजिन.

आणि कोलंबसाचं का नाही, तेही ऐका. एक, कोलंबस पंधराव्या शतकातला, हा नमुना सतराव्या शतकातला. दोन, कोलंबसाची सांता मारिया याच्या निम्म्यानंही नव्हती. तीन, आणि हे मला शाळेत कुणी सांगितलंच नव्हतं, सांता मारिया परत आलीच नाही. १४९२ च्या नाताळात ती आजच्या हैतीच्या किनाऱ्याजवळ उथळ पाण्यात रुतून बसली. तिच्या लाकडांतून तिथेच गढी बांधली. जिनोआला यायची कुठून?

एकदा ही नजर बसली की इतर जहाजंही कळायला लागतात. ‘बाउंटी’ म्हणून एक होतं, १९६० साली कॅनडात सिनेमासाठीच बांधलेलं, पण तो सिनेमा चाच्यांचा नव्हे, बंडाचा. ते मुद्दाम मुळापेक्षा मोठं बांधलं, कॅमेरे आणि माणसं मावावीत म्हणून. पुढे त्यानं चाच्यांच्या सिनेमातही काम केलं, आणि २०१२ च्या ऑक्टोबरात सँडी वादळात ते खरोखरच बुडालं, कॅप्टनसकट. अस्सल लाकडी जहाज बघायचं असेल तर इंग्लंडात हार्टलपूलला ‘ट्रिंकोमाली’ आहे. १८१७ साली आपल्या मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेलं, सागवानाचं, अजून तरंगतंय. तिथे गेलात तर टिचकी मारून बघा. पहारेकरी ओरडला तर माझं नाव सांगू नका.

चाच्यांचा विषय निघालाच आहे तर थोडं आडवाटेला जातो. या सिनेमांत चाचा म्हणजे एक लाकडी पाय, खांद्यावर पोपट आणि नकाशावर फुली. आणि इंग्रजांच्या कागदांत चाचा कोण, तर आपले कान्होजी आंग्रे! ज्यानं कोकण किनाऱ्यावर परवाने द्यायचे आणि परवाना नसलेली जहाजं धरायची, तो सरखेल, म्हणजे मराठ्यांच्या आरमाराचा प्रमुख. इंग्रज विजयदुर्गावर चालून आले १७१७ साली, खांदेरीवर १७१८ साली, दोन्ही वेळा हात हलवत परत गेले. ज्याला हरवता आलं नाही त्याला लुटारू म्हणायचं, हा हिशेब मला कधी पटला नाही. माझी तर मागणी आहे, की अलिबागच्या किनाऱ्यावर अशीच एक गुरब, म्हणजे मराठी आरमाराचं लढाऊ जहाज, बांधून ठेवा. पोटात पोलाद घाला, इंजिन घाला, माझी हरकत नाही. शिडं तेवढी खरी लावा. असो.

परतीच्या वाटेवर मी चाचांना विचारलं, मग हे जहाज खोटंच म्हणायचं ना? चाचा थांबले. म्हणाले, “खोटं कसं? तरंगतंय. सुकाणू आहे, इंजिन आहे. माणसं घेऊन जाईल.” मग थोड्या वेळानं म्हणाले, “तो पिच्चर चालला काय?”

मला तेव्हा माहीत नव्हतं. नंतर कळलं, सपशेल पडला. चार कोटी डॉलरच्या आसपास खर्च, वसुली त्याच्या पासंगालाही नाही. सिनेमा कान महोत्सवात दाखवला तेव्हा जहाज तिथल्या बंदरात नेऊन मिरवलं होतं. मग ते जिनोआला आलं आणि तिकीट लावून बसलं. पुढे २०११ मध्ये एका टीव्ही मालिकेत त्याला कॅप्टन हुकच्या जहाजाचं कामही मिळालं. नायकांना इतकी वर्षं कामं मिळत नाहीत.

आम्ही आमच्या जहाजापाशी पोचलो तेव्हा अंधारून आलं होतं. मी शिडीवर पाय ठेवला. चाचा मागे थांबलेले. बघतो तर पुन्हा उकिडवे बसलेत, पाण्याच्या रेघेकडे बघत. या वेळी आमच्याच जहाजाच्या. बंदराच्या दिव्यात ते तांबूस ओघळ मलाही दिसले, नेपच्यूनच्या चौपट.

“कॅडेटसाब,” चाचा म्हणाले. एकटेच होतो आम्ही, तरी कॅडेटसाब म्हणाले, तेव्हाच मला कळायला हवं होतं. “उद्या सकाळी सहाला हातोडी घेऊन या.”

दुसऱ्या दिवशी सहा वाजता मी जहाजाच्या अंगाशी दोरांनी टांगलेल्या फळीवर बसून गंज खरवडत होतो. पायाखाली हातभर अंतरावर जिनोआचं पाणी. त्या आठ तासांत मी पोलान्स्की, कोलंबस आणि त्या दाढीवाल्या समुद्रदेवाबद्दल जे काही बोललो, ते रेडिओवर सांगता येण्यासारखं नाही.

नमस्कार.