गदान्स्क की डान्झिग?

(दृश्य : बाल्टिक समुद्राकाठचं बंदर, नदीकाठच्या उंच, अरुंद इमारती, गोदीतल्या क्रेन.)

निवेदन :
हे गदान्स्क. उत्तर पोलंडमधलं जुनं बंदर. १९८० साली इथल्या जहाजबांधणी कारखान्यातल्या कामगारांनी संप केला आणि त्यातून 'सॉलिडॅरिटी' ही चळवळ उभी राहिली. जुने जर्मन नकाशे उघडले, तर याच ठिकाणी दुसरं नाव दिसतं : डान्झिग. तापमानाच्या मोजपट्टीला ज्याचं नाव मिळालं तो फॅरनहाइट १६८६ साली या शहरात जन्मला. तत्त्वज्ञ शोपेनहाउअर जन्मला १७८८ साली, याच शहरात.

आता विश्वकोशात त्यांच्या नावापुढे जन्मगाव काय लिहायचं?

विकिपीडिया १५ जानेवारी २००१ रोजी सुरू झाला आणि पहिल्या काही वर्षांतच इंग्रजी विकिपीडियावर या प्रश्नावरून जुंपली. एकाने 'डान्झिग' लिहावं, दुसऱ्याने ते पुसून 'गदान्स्क' करावं, पहिल्याने पुन्हा येऊन जुनं रूप आणावं. भांडण शहराच्या लेखापुरतं राहिलं नाही. तिथे जन्मलेले शास्त्रज्ञ, आसपासची गावं, जुन्या लढाया, सगळीकडे ते पसरलं. कोपर्निकस जर्मन की पोलिश, हा वाद तर आजही अधूनमधून डोकं वर काढतो.

मराठी प्रेक्षकाला हे फार समजावून सांगावं लागणार नाही. १९५६च्या राज्यपुनर्रचनेत बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं आणि २०१४ साली कर्नाटक सरकारने त्याचं अधिकृत नाव बेळगावी केलं. एका अक्षराचा फरक. पण ते अक्षर लिहिणाऱ्याला आणि खोडणाऱ्याला त्यामागे काय काय दिसतं, हे आपल्याला ठाऊक आहे.

(दृश्य : लेखाचं 'इतिहास' पान. बदलांची लांबलचक यादी खाली सरकते आहे.)

विकिपीडियाच्या प्रत्येक लेखामागे असं एक पान असतं. कोणत्या सदस्याने, कोणत्या तारखेला, किती वाजता, कोणता शब्द बदलला, ते सगळं इथे नोंदलेलं असतं. लेखातून खोडलेलं वाक्यही या नोंदीत सापडतं. त्यामुळे 'मी असं लिहिलंच नव्हतं' म्हणायची सोय नाही. मला ही विकिपीडियाची सर्वांत मोठी देणगी वाटते. वाद मिटवायला आधी वाद कुठून सुरू झाला ते दिसावं लागतं, आणि इथे ते कुणालाही दिसतं.

मग निवाडा कोण करतं? मुख्य संपादक नावाचं पदच इथे नाही. २००४ साली एक लवाद समिती कामाला लागली, पण ती सदस्यांचं वागणं तपासते : कुणी शिवीगाळ केली, कुणी खोटी खाती काढली, कुणी इतरांना छळलं. गदान्स्क बरोबर की डान्झिग, हे ती सांगत नाही. त्याच वर्षी 'तीन वेळा उलटवण्याचा नियम' आला. चोवीस तासांत एकाच पानावर तीनपेक्षा जास्त वेळा दुसऱ्याचं लेखन उलटवलं, तर संपादन करण्यापासून काही काळ रोखलं जातं. उघड नासधूस दुरुस्त करणाऱ्याला यातून सूट आहे. या नियमाने हात थांबतात, डोकी शांत व्हायला वेळ मिळतो. मूळ प्रश्न मात्र जागच्या जागी राहतो.

तो सोडवायचा तर लेखाच्या चर्चा पानावर यावं लागतं. दोघांचं जमलं नाही तर तिऱ्हाईत सदस्याचं मत मागता येतं, त्यानेही भागलं नाही तर साऱ्या समुदायाला साद घालता येते. प्रत्येक पायरीवर एकच अपेक्षा : आपल्या म्हणण्याला प्रकाशित, विश्वासार्ह आधार दाखवा. मतदानाने सत्य ठरवू नये, सहमतीने लेख पुढे न्यावा, हा इथला रिवाज.

गदान्स्कच्या बाबतीत सहमती काही होईना. आधार तर दोन्हीकडे ढीगभर होते. अखेर २००५च्या फेब्रुवारीत मतदान घ्यायचं ठरलं. हे मतदान ज्या पद्धतीने मांडलं गेलं, ती पद्धत मला फार मोलाची वाटते.

(दृश्य : कालरेषा. ९९७, १३०८, १४५४, १४६६, १७९३, १९४५ ही वर्षं एकेक करून उमटतात.)

'या शहराचं खरं नाव कोणतं' असं कुणी विचारलंच नाही. शहराच्या इतिहासाचे कालखंड पाडले. या शहराची नोंद सापडते ती ९९७ सालापासून. १३०८ साली ट्यूटॉनिक सरदारांनी, म्हणजे जर्मन धर्मयोद्ध्यांच्या संघाने, ते घेतलं. १४५४ साली शहराने त्यांच्याविरुद्ध उठाव करून पोलंडच्या राजाला जवळ केलं आणि १४६६च्या तहाने ते पोलंडच्या छत्राखाली आलं, तरी व्यापारी पेठेची भाषा मुख्यतः जर्मनच राहिली. १७९३ साली प्रशिया या जर्मन राज्याने ते घेतलं. पहिल्या महायुद्धानंतर ते राष्ट्रसंघाच्या देखरेखीखालचं मुक्त शहर झालं. १ सप्टेंबर १९३९ला इथल्याच वेस्टरप्लाट या पोलिश लष्करी ठाण्यावर जर्मन युद्धनौकेने तोफा डागल्या. १९४५ नंतर जर्मन रहिवासी निघून गेले, बरेच हाकलले गेले, आणि पोलिश कुटुंबं येऊन वसली.

प्रत्येक कालखंडासाठी वेगळं मत मागितलं गेलं. कौल असा लागला : १३०८ ते १९४५ या काळाबद्दल लिहिताना डान्झिग, त्याच्या आधी आणि नंतर गदान्स्क. चरित्रलेखात व्यक्ती स्पष्टपणे जर्मन असेल तर डान्झिग आणि कंसात गदान्स्क, पोलिश असेल तर उलट. शिवाय दोन्ही देशांचा इतिहास ज्यांना लाभलाय अशा इतर गावांच्या बाबतीतही पहिल्या उल्लेखात दुसरं नाव द्यायचं.

पोलिश बाजूच्या अनेकांना हे रुचलं नाही. तीन शतकांहून अधिक काळ शहर पोलंडच्या राजाचं होतं, तरी त्या काळासाठी जर्मन नाव का, हा त्यांचा सवाल रास्तच होता. मतदानाच्या पद्धतीवरही आक्षेप आले. पण दुसरं नाव कंसात राहणार होतं. हरलेल्या पक्षाचा शब्द पानावरून पुसला गेला नाही, आणि मला वाटतं, निर्णय टिकला तो यामुळे. शोपेनहाउअरबद्दल वाचायला आलेल्या विद्यार्थ्याला त्या कंसामुळे आजच्या नकाशावर ते शहर शोधता येतं. भांडणाऱ्यांपैकी कुणीही जिंकलं असतं, तरी त्याची सोय पाहायलाच हवी होती.

सगळेच तंटे इतके भारदस्त नसतात. दह्यावरच्या इंग्रजी लेखाचं स्पेलिंग ब्रिटिश वळणाचं ठेवायचं की अमेरिकी, हा वाद २००३ ते २०११ चालला. त्यातही माणसांच्या संध्याकाळी खर्ची पडल्या. या व्यवस्थेची एक बाजू मला बोचते. ज्याच्याकडे वेळ आणि चिकाटी जास्त, त्याचं पारडं जड होतं. विषय जाणणारा एखादा शिक्षक दोन रात्री वाद घालून थकतो आणि पुन्हा फिरकत नाही.

(दृश्य : मराठी विकिपीडियाचं मुखपृष्ठ, मग 'चावडी'चं पान.)

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी, महाराष्ट्र दिनी सुरू झाला. समुदायाने एकत्र बसून बोलायच्या जागेला इथे 'चावडी' म्हणतात. नियम जवळपास तेच आहेत, माणसं मात्र कमी. जात, संत, गड, सीमाभाग, यांवरचे वाद इथेही होतात. तिऱ्हाईताचं मत मागायचं तर तिसरं माणूस हजर असावं लागतं. अनेकदा दोघेच उरतात, आणि काम कुणा एका प्रचालकावर, म्हणजे जादा अधिकार असलेल्या सदस्यावर, पडतं.

लेखाच्या वरच्या बाजूला 'चर्चा' असा दुवा असतो. खातं नसलं तरी सहसा तिथे लिहिता येतं. एखाद्या नावाबद्दल, सनावळीबद्दल तुमच्याकडे पुस्तक असेल, तर त्याचं नाव आणि पान क्रमांक तिथे नोंदवा. उत्तर लगेच नाही आलं, तरी नोंद राहते आणि पुढचा संपादक ती वाचतो.