सामरीचा सातबारा

[दृश्य: जिनिंगसमोर कापसाच्या बैलबंड्यांची रांग]

कापसाचा चुकारा हाती आला, की विदर्भातल्या गावात वर्गणी काढून व्हिडिओ यायचा. भाड्याचा व्हीसीआर, रंगीत टीव्ही, रातभराच्या कॅसेटी. पहिली देवाधर्माची. ती संपली, की पोरं ओरडायची, "आता भुताचा लाव!"

भुताचा म्हणजे रामसे बंधूंचा. १९८४ च्या 'पुराना मंदिर'नं बक्कळ गल्ला जमवला. त्यातला सैतान सामरी. त्याचं मुंडकं एकीकडे कोंडलेलं, धड दुसरीकडे गाडलेलं. भूमिका अजय अगरवालची. गडी शिकलेला इंजिनिअर. पुढच्याच वर्षी 'सामरी' आला, तोही थ्रीडीत! कथेचा पहिल्याशी काडीचा संबंध नाही. नाव तेच, चेहरा तोच, तेवढ्यावर तिकीट.

[दृश्य: जुना टीव्ही, पडद्यावर मुंग्या]

आता थ्रीडीचा सिनेमा गावच्या साध्या टीव्हीवर. चश्मा कुठला? भूत कॅमेऱ्याकडे हात लांबवायचं आणि लांबवतच राहायचं. का, ते कोणालाच कळायचं नाही. त्यात कॅसेट घासलेली. आधीच्या गावांनी मागं नेऊन नेऊन पाहिलेल्या नेमक्या जागीच चित्र फाटायचं. व्हिडिओवाला ट्रॅकिंगचं चाक फिरवायचा, पब्लिक त्याच्या खानदानाचा उद्धार करायची.

सिनेमा वाईटच होता, हो. लाल-हिरवे दिवे, उगाच धूर, भुतापेक्षा मेकअपच जास्त बोलतो. पण या दुसऱ्या सामरीत एक गंमत होती. हा सैतान नव्हताच मुळी. पैसेवाला म्हातारा, थोडा जादूटोणा करणारा. इस्टेटीसाठी नातेवाईकच त्याचा काटा काढतात, मग तो परत येऊन एकेकाला गाठतो.

म्हणजे भाऊबंदकी! आणि हे काढलं कोणी? सात रामसे भावांनी. कॅमेरा एकाकडे, आवाज दुसऱ्याकडे, संकलन तिसऱ्याकडे, दिग्दर्शन तुलसी आणि श्यामकडे. घरचाच सगळा कारभार.

[दृश्य: धुरा, दोन वावरांच्या मधला बांध]

धुऱ्यावरून कुऱ्हाडी निघतात, तिथं भुताची बाजू कोण घेणार नाही? "झोप येत नाही म्हून बसलो," म्हणणारे बुढे सरकत सरकत पुढं यायचे. पडद्यावर पुतण्या दिसो की भाचा, मागून आवाज ठरलेला: "हाण त्याले! वावर खाल्लं त्यानं बुढ्याचं!" किंकाळी बाईची असो की माणसाची, इकडं शिट्ट्या. दिवसा हेच लोक पोरांना सांगायचे, असले सिनेमे पाहू नये.

एकदा शेवटचा नातेवाईक उरला आणि लाइन गेली. व्हिडिओवाला जनरेटरचे वेगळे पैसे मागू लागला. सगळ्यात आधी बंडीच्या खिशात हात घातला, तो तहसिलीत भावावर केस लावून बसलेल्या काकाजीनं.