गॅस्प्रा आणि न उघडलेली छत्री

श्रोतेहो, नमस्कार. मंगळ आणि गुरू यांच्यामध्ये लघुग्रहांचा पट्टा आहे, हे आपण शाळेत घोकलेलं असतं. आज त्यातल्या एकाचीच गोष्ट सांगतो. नाव गॅस्प्रा, क्रमांक ९५१. १९१६ साली क्रायमियातल्या सिमेइझ इथून खगोलशास्त्रज्ञ ग्रिगोरी नेउयमिन यांनी तो शोधला. पट्ट्याच्या आतल्या अंगाला, म्हणजे मंगळाच्या बाजूला, तो फिरतो. दगडी आहे, आणि लांबी जेमतेम १८ किलोमीटर. दुर्बिणीतून पाहिलं तर नुसता ठिपका! पण यानानं जवळून पाहिलेला पहिला लघुग्रह हाच. लक्षात ठेवा, पहिला.

ते यान होतं नासाचं गॅलिलिओ. निघालं होतं गुरूकडे, गॅस्प्रा वाटेत लागणार होता. यानाचा मोठा अँटेना जाळीचा होता, १८ काड्यांचा, छत्रीसारखा मिटवून ठेवलेला. एप्रिल १९९१ मध्ये हुकूम गेला, उघड. मोटर फिरली, आणि छत्री अर्धवट उघडून अडकली. पावसाळ्यात एखादी काडी अडते तेव्हा आपण काय करतो? झटकतो, ठोकतो. यान चालवणाऱ्या अभियंत्यांनीही तेच केलं. यान उन्हाकडे वळवून तापवलं, सावलीत नेऊन गार केलं, मोटरला हिसके देऊन पाहिले. छत्री काही उघडली नाही.

आणि कारण काय, तर ट्रक! १९८६ मध्ये चॅलेंजर या स्पेस शटलचा अपघात झाला, गॅलिलिओ तसल्याच शटलमधून जायचं होतं, म्हणून उड्डाण लांबलं, आणि गॅलिलिओ ट्रकनं फ्लोरिडाहून कॅलिफोर्नियाला परत नेलं, मग पुन्हा फ्लोरिडाला आणलं. त्या हादऱ्यांत काड्यांच्या खिळ्यांवरचं वंगण झिजलं, असं अभियंत्यांचं निदान. नाजूक सामान रस्त्यानं पाठवूच नये, हे माझं जुनंच मत आहे. घर बदलताना ज्यांनी काचेचं कपाट टेम्पोत चढवलंय, ते माझ्या बाजूनं उभे राहतील.

असो. आता उरला छोटा अँटेना. मोठा चालला असता तर गुरूपासून सेकंदाला १ लाख ३४ हजार बिट आले असते. छोट्यावर, गॅस्प्राच्या वेळी, आले ४०. हो, चाळीस! एक पूर्ण चित्र जसंच्या तसं पाठवायचं तर सुमारे दीड दिवस. २९ ऑक्टोबर १९९१ ला यान गॅस्प्रापासून १,६०० किलोमीटरवरून सेकंदाला आठ किलोमीटर वेगानं निघून गेलं. चित्रं टेपवर साठवली. नोव्हेंबरमध्ये पहिलं चित्र हाती आलं, बाकीची पुढच्या वर्षी, यान गुरूकडे जाण्याआधी वेग घ्यायला पृथ्वीजवळ परत येऊ लागलं तेव्हा. आज व्हिडिओ दोन सेकंद अडला की मुलं फोन आपटतात, त्यांना हे ऐकवावं.

चित्रांत दिसला एक वेडावाकडा खडक, सात तासांत स्वतःभोवती फिरणारा. ऑलिव्हिन आणि पायरॉक्झीन ही त्याची मुख्य खनिजं. बारीक विवरं भरपूर, मोठी थोडी. यावरून तो फार जुना नाही, मोठ्या खडकाचा फुटलेला तुकडा असावा, असं मानतात.

नावाचंही सांगतो. गॅस्प्रा हे काळ्या समुद्राकाठचं आरोग्यधाम. म्हणून त्याच्या विवरांना जगभरच्या स्नानस्थानांची नावं दिलीत. जपानचं बेप्पू आहे, इंग्लंडचं बाथ आहे, आपल्या हिमाचलातलं मणिकरणही आहे. वज्रेश्वरी मात्र नाही. गरम पाण्याची कुंडं आमच्याकडेही आहेत, हे नावं ठरवणाऱ्या समितीला कुणीतरी कळवायला हवं होतं.