पाणी निघून गेलं तरच रेती बसते

मंडळी, पाईप पुरायला खणलेल्या नालीत रेती भरून ती पाण्याने कशी बसवायची, म्हणजे घट्ट करायची, ते आज पाहू. टेबलावरची ही काचेची बरणी पाहा. यात वर्धा नदीची ओलसर रेती काठोकाठ, पण न दाबता भरली आहे. आता वरून हळूहळू पाणी सोडतो. पाहा, दोन बोटं खाली गेली. हात कुणी लावला नाही.

याचं कारण ओल. बारीक रेतीत 5 टक्क्यांच्या आसपास ओल असली की कणांभोवती पाण्याचा पातळ पापुद्रा धरतो, कण एकमेकांपासून दूर राहतात, आणि रेती 20 ते 30 टक्क्यांपर्यंत फुगते. भरपूर पाणी पडलं की ती पकड सुटते. खाली उतरणारं पाणी कणांना सोबत घेऊन फटींत बसवतं. म्हणून पाईपलाईनच्या नालीत रेती भरून वरून टँकर सोडायची पद्धत पडली. पद्धत खोटी नाही. पण तिला एक अट आहे, ती म्हणजे पाणी खाली निघून गेलं पाहिजे.

आणि आपली जमीन कोणती? काळी, भारी. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, आणि पाणी लागलं की फुगून बंद. अशा मातीतली नाली म्हणजे हौदच. पाणी मुरत नाही आणि रेती त्यात तरंगल्यासारखी सैल राहते. एका गावात मी स्वतः हे होऊ दिलं. संध्याकाळी 110 मिलिमीटरचा रिकामा पीव्हीसी पाईप अंथरला, रेती टाकली, टँकर रिता केला. सकाळी पाहतो तर मधला पाईप रेती फोडून वर आलेला, कमानीसारखा. हिशेब साधा आहे. तो पाईप मीटरमागे साडेनऊ किलो पाणी बाजूला सारतो, आणि त्याचं स्वतःचं वजन त्याच्या पासंगालाही पुरत नाही. सगळी लाईन पुन्हा उकरली. मजुरांचा तो दिवस मला अजून टोचतो.

म्हणून आपल्याकडे काम असं करा. नालीच्या उताराच्या टोकाला आधी खड्डा घ्या, त्यात गिट्टी टाका, आणि पाणी नाल्यात काढा, नाहीतर पंपाने उपसा. पाईप पाण्याने भरून दोन्ही टोकं बंद करा. रेती पाईपाच्या निम्म्यापर्यंत टाकली की थांबा. पाईपाच्या दोन्ही कुशींखाली ती हाताने किंवा लाकडी पट्टीने सारून भरा, कारण वरून ओतलेली रेती तिथे आपोआप जात नाही, आणि पाईप दबतो तो तिथूनच. मग वीतभर थर, त्यावर पाणी, पण धार थेट पाईपावर नको. पाण्याची चकाकी गेली, रेती मळकट दिसली की पुढचा थर.

रेती गाळाची असेल तर हे काहीच चालणार नाही. बाटलीत रेती-पाणी हलवून ठेवा. वर चिखलाचा जाड थर बसला, तर ती गाडी परत करा.

रस्त्याखालच्या नालीला मात्र पाण्यावर सोडू नका. तिथे ठोकून दाबायची धुम्मस हवीच, मिळाल्यास प्लेट व्हायब्रेटर, म्हणजे थरथरून दाबणारं यंत्र. पाण्याने बसलेली रेती ट्रॅक्टरच्या भाराला पुरेशी घट्ट होत नाही.

आता बाहेर चला. शाळेमागच्या नालीत कालच पाणी सोडलंय. ही 12 मिलिमीटरची सळई घ्या आणि हाताने दाबून पाहा. कुठे सहज जाते, कुठे अडते, ते तुमच्या तळहाताला कळेल.