साडेआठची नोंद

मित्रहो, नमस्कार.

साहेबांच्या घरच्यांनी आणि त्यांच्या डोंगरातल्या सोबत्यांनी मला आज त्यांच्या स्मरणार्थ बोलायला बोलावलं, तेव्हा एकच अट घातली: नुसतं गुणगान करू नका, त्यांच्या कामाबद्दल सांगा. ही अट मला मनापासून पटली. इथले निम्मे लोक त्यांना काका म्हणतात, घरात ते आबा होते. मी पाटबंधारे खात्यात कनिष्ठ अभियंता म्हणून रुजू झाले तेव्हा ते माझे वरिष्ठ होते, त्यामुळे माझ्या तोंडी साहेबच येणार.

साहेब कोयनेचे. म्हणजे जन्माने नाही, कामाने. पदवी घेऊन ते कोयनानगरला आले तेव्हा धरण नुकतंच उभं राहिलं होतं. १०३ मीटर उंचीचं, स्वतःच्या वजनावर उभं असलेलं धरण. दख्खनचं पठार म्हणजे भूकंपाच्या दृष्टीने निर्धास्त प्रदेश, असंच तेव्हा शिकवलं जायचं. जलाशयात पाणी साठू लागल्यावर परिसरात हादरे जाणवायला लागले होते, पण मोठं काही होईल अशी कल्पना नव्हती. मग ११ डिसेंबर १९६७ उजाडायचा होता. पहाटे ४ वाजून २१ मिनिटं. दीडशेहून जास्त माणसं गेली. कोयनानगरच्या वसाहतीतली घरं पडली. धरण टिकलं, पण सांडव्याच्या दोन्ही बाजूंच्या उंच भागात आडव्या भेगा पडल्या. मागच्या अंगाचा उतार जिथे एकदम बदलतो, साधारण त्याच पातळीवर. पुढे त्या भागाला मागून काँक्रीटचे भक्कम टेकू दिले. भूकंपाच्या दृष्टीने देशाचा जो नकाशा केलेला असतो, त्यात कोयनेचा भाग निर्धास्त मानलेल्या पट्ट्यातून उचलून थेट चौथ्या, म्हणजे मोठ्या धोक्याच्या क्षेत्रात टाकावा लागला.

त्या रात्रीबद्दल साहेब फारसं बोलत नसत. आम्हीही विचारत नसू. पण त्यांच्या कामाची सगळी रीत तिथून आली, असं मला वाटतं. पुस्तकात निर्धास्त लिहिलंय म्हणून त्यांनी पुढे कधी काही निर्धास्त मानलं नाही. ते जाऊन बघायचे, आणि बघितलेलं लिहून ठेवायचे.

मोठ्या धरणाच्या पोटात गॅलरी असते, म्हणजे बोगद्यासारखी वाट. पायऱ्या उतरून आत गेलं की ओल, अंधार आणि पाण्याचा सतत आवाज. धरणाच्या अंगातून आणि पायातून झिरपणारं पाणी मुद्दाम ठेवलेल्या छिद्रांमधून तिथे बाहेर काढतात आणि व्ही आकाराच्या खाचेवरून जाताना मोजतात. मी पहिल्यांदा आत गेले तेव्हा एका छिद्रातून पाणी जवळजवळ येतच नव्हतं. मला बरं वाटलं, गळती कमी! साहेबांनी मला तिथेच थांबवलं आणि विचारलं, "मग ते पाणी गेलं कुठे?"

मला उत्तर आलं नाही. मग त्यांनी उभ्या उभ्या समजावलं. धरणाखाली शिरलेलं पाणी धरणाला वर उचलायला बघतं. छिद्रातून त्याला वाट मिळाली की तो दाब कमी होतो. छिद्र चुन्याने बुजलं तर पाणी दिसत नाही, पण दाब आत वाढत राहतो. म्हणून गळती एकदम वाढली तरी जागं व्हायचं आणि एकदम कमी झाली तरी जागं व्हायचं. पाणी गढूळ झालं तर रात्री-अपरात्री साहेबाला उठवायचं. हे सगळं कळायला कालचा आकडा हाताशी लागतो, परवाचा लागतो, गेल्या वर्षी याच पातळीला किती होता तो लागतो. नोंदवही भरणारा कर्मचारी त्यांच्या लेखी धरणावरचा सगळ्यात महत्त्वाचा माणूस होता. त्याचं नाव, त्याच्या मुलांची नावं त्यांना पाठ असत.

त्या काळात साइटवर बाई अभियंता म्हणजे कौतुक किंवा अडचण, दोन्हींपैकी एक. साहेबांनी मला त्यातलं काहीच होऊ दिलं नाही. हातात बॅटरी आणि वही दिली आणि आत पाठवलं. याबद्दल मी त्यांची आयुष्यभर ऋणी आहे.

निवृत्त झाल्यावर ते साताऱ्यात राहिले आणि डोंगरात जास्त जायला लागले. तुम्ही मंडळी त्यांच्याबरोबर मनसोक्त हिंडला आहात, त्यामुळे त्यांच्या चालण्याबद्दल मी काय सांगणार! पण ते डोंगरात काय बघायचे, ते सांगते. सह्याद्री थरांचा आहे. लाव्हाचा एक थर, त्यावर दुसरा. मध्ये कुठे काळा पाषाण, कुठे मऊ मांजऱ्या खडक, आणि दोन थरांच्या सांध्यात कुठे कुठे गेरूसारखी तांबडी पट्टी. वरचा खडक फुटलेला असेल तर पावसाचं पाणी त्यातून खाली उतरतं, तांबड्या पट्टीवर अडतं आणि कड्याच्या अंगाने बाहेर पडतं. तोच झरा. गडावरची टाकी खोदणाऱ्यांना हे नेमकं माहीत होतं, असं साहेब म्हणायचे. उन्हाळ्यातही पाणी टिकून असलेलं टाकं दिसलं, की पाणी पिण्याआधी ते मागच्या कातळावरून हात फिरवत सांधा शोधायचे. आणि कासचं पाणी! इंग्रजांच्या काळात बांधलेल्या तलावातून ते डोंगराच्या कडेकडेने, नुसत्या उताराच्या जोरावर साताऱ्यात आलं. त्या वाटेने चालताना साहेबांचा चेहरा खुलायचा. आपल्या आधीच्या अभियंत्यांचं काम त्यांनी इतक्या आदराने बघितलेलं मी दुसरीकडे कुठे पाहिलं नाही.

दर मे महिन्यात ते ठरलेले झरे मोजायचे. साधी पद्धत: दहा लिटरची बादली लावायची आणि भरायला किती सेकंद लागतात ते बघायचं. तारीख, वेळ, सेकंद. वरच्या अंगाला झाडं तुटली का, कुणी बोअर मारली का, तेही शेजारी लिहायचं.

एक गोष्ट मला आज सांगितलीच पाहिजे, कारण ती फारशी कुणी सांगत नाही. कोयनेच्या जलाशयातून, बामणोलीहून लाँचने वासोट्याच्या किल्ल्याला जाताना सगळे दोन्ही काठांचं जंगल बघत असतात. साहेब पाण्याकडे बघायचे. या पाण्याखाली शेतं आहेत, घरांची जोती आहेत, देवळं आहेत. उठलेल्या गावांतली माणसं सांगली, सोलापूर, ठाणे, रायगडपर्यंत पांगली, आणि पुनर्वसनाचे कागद हातात घेऊन त्यांच्या पुढच्या पिढ्याही कचेऱ्यांचे उंबरे झिजवत राहिल्या. साहेबांना धरणाचा अभिमान होता आणि हे दुःखही होतं. दोन्ही एकदम बाळगायची त्यांची तयारी होती. निवृत्तीनंतर कितीतरी प्रकल्पग्रस्तांचे अर्ज त्यांनी स्वतः लिहून दिले, सातबारा आणि संपादनाचे जुने कागद लावून दिले. आमच्यातले काही जण म्हणायचे, हे अभियंत्याचं काम नाही. मला तसं वाटत नाही. ज्यांच्या जमिनीवर आपण मोजपट्टी धरली, त्यांचे कागद वाचता येतात आणि तरी वाचायचे नाहीत, हे कसं चालेल?

आता आबांबद्दल.

नातवाला शाळेत वाचायला फार त्रास व्हायचा. अक्षरं जागेवर राहायची नाहीत. घरात काळजी, शाळेतून चिठ्ठ्या. आबांनी त्याच्यासमोर भारतीय सर्वेक्षण खात्याची टोपोशीट, म्हणजे डोंगरदऱ्यांची उंची दाखवणारा नकाशा, पसरली. पन्नास हजारात एक, म्हणजे नकाशावरचे दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. समान उंचीच्या जागा जोडणाऱ्या समोच्च रेषा वीस वीस मीटरच्या. त्या रेषा मोठ्या करून पुठ्ठ्यावर उतरवायच्या, कापायच्या, एकावर एक चिकटवायच्या. पोराने जेवणाच्या टेबलावर अजिंक्यतारा उभा केला. मग दोघं तो पुठ्ठ्याचा गड पिशवीत घालून खऱ्या गडावर गेले. ज्या मुलाला ओळ वाचता येत नव्हती, त्याने रेषा जवळ आल्या म्हणजे कडा आहे, हे बोट ठेवून दाखवलं. नकाशावरची गावांची नावं वाचायला तो आपणहून लागला. वेळ लागला, पुष्कळ लागला. आबांनी शाळेच्या चिठ्ठ्यांना रीतसर उत्तरं लिहिली. एकाही उत्तरात मुलाची माफी मागितलेली नाही.

आणि नात. अंगणात पर्जन्यमापक होता. पावसाची नोंद सकाळी साडेआठला घ्यायची, वेधशाळा घेते तशी. ती नोंद घेण्याचा हक्क त्यांनी नातीला दिला. ती पाच-सहा वर्षांची असताना आकडा उलटा लिहायची. ते खोडत नसत, शेजारी बारीक अक्षरात सुलटा लिहीत. महाबळेश्वरला वर्षात पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि आपल्या अंगणात त्याच्या पाव हिश्शाएवढाही नाही, हे तिला स्वतःच्या वहीतून कळलं, आणि मग 'का?' हा प्रश्न तिचा तिला पडला. घाट चढताना ढग बरसतात आणि पूर्वेकडे उतरताना रिकामे होत जातात, हे तिला दाखवायला ते पावसात एसटीने महाबळेश्वरला घेऊन गेले. नात शिकायला पुण्याला गेली तेव्हा साडेआठला फोन यायचा. आता आकडा आबा सांगायचे आणि ती लिहून घ्यायची. शेवटच्या आजारपणात ती घरी आली आणि पुन्हा स्वतः नोंद घ्यायला लागली. त्या आजारपणाबद्दल मी अधिक बोलणार नाही. घरच्यांनी त्यांची फार चांगली सेवा केली.

साहेबांच्या झऱ्यांच्या वह्या घरच्यांनी तुमच्या गटाकडे सोपवल्या आहेत. त्या मी गेले काही दिवस वाचते आहे. काही झऱ्यांना बादली भरायला दर मे महिन्यात आधीपेक्षा जास्त सेकंद लागलेत, आणि शेजारी कारणांच्या नोंदीही आहेत. एखादं वर्ष जरी गाळलं तरी ही मालिका तुटेल. यवतेश्वरच्या अंगाचे झरे नात आणि नातू मोजणार आहेत, तसं त्यांनी मला कालच सांगितलं. सज्जनगडाकडचे मी घेते, माझे गुडघे तेवढे साथ देतील. उरलेल्यांची यादी मागच्या टेबलावर ठेवली आहे, पेनही आहे. चहाला जाण्याआधी प्रत्येकाने एका झऱ्यासमोर आपलं नाव लिहा, आणि बादली दहाच लिटरची घ्या.