हा पार्ट कुठल्या गाडीचा?

[दापोली–हर्णै रस्ता. सकाळ. गॅरेजचं शटर अर्धं वर.]

वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून आलेली ही वस्तू मूठभर आहे. ब्रेकचा मास्टर सिलिंडर, लिव्हर दाबली की ऑइलचा दाब ब्रेकपर्यंत पोचवणारा. हॅन्डलच्या उजव्या बाजूला, लिव्हरला लागून बसतो तो. वर ब्रेक ऑइलची छोटी डबी, झाकणाला दोन स्क्रू. त्यातल्या एका स्क्रूचं डोकं घासून गुळगुळीत झालंय. म्हणजे हे झाकण आधी कुणीतरी उघडलंय.

गाडी होंडा शाईन, नंबर एमएच-08. मालक तरुण आहे. हर्णै बंदरावरून मासळी घेतो आणि वाड्या-वाड्यांवर विकतो. मागच्या टोपलीतून बर्फाचं पाणी ठिबकत असतं, खारी हवा बारा महिने आहेच. त्याच्या गाडीचा मूळ सिलिंडर पावसाळ्यात अडकला. नव्याची किंमत परवडेना, म्हणून त्याने जुन्या बाजारातून हा आणला. त्यात वावगं काही नाही. कोकणात कितीतरी गाड्या जुन्या पार्टवरच चालत्या राहिल्यात, आणि त्यावर घरं चालतात.

गॅरेजवाले मामा कागद उलगडतात. हातातला पाना खाली ठेवतात.

"हा कुठल्या गाडीचा रे?"

"शाईनचाच आहे, मामा. भंगारात आलेली."

"शाईनचा ते दिसतंय मला. कुठल्या शाईनचा?"

2019 मध्ये होंडाने 50,034 दुचाकी तपासणीसाठी परत बोलावल्या होत्या, म्हणजे रिकॉल केल्या होत्या. डिस्क ब्रेकवाल्या ऍक्टिव्हा 125, ग्राझिया, एव्हिएटर आणि सीबी शाईन. 4 फेब्रुवारी ते 3 जुलै 2019 या काळात बनलेल्या. शंका होती ती नेमकी याच भागाबद्दल, पुढच्या ब्रेकच्या मास्टर सिलिंडरबद्दल. दाबलेला ब्रेक पुरता सुटत नसे, आणि वाईटात वाईट म्हणजे पुढचं चाकच जाम होण्याची भीती होती. सदोष भाग कंपनी फुकट बदलून देत होती.

[जवळून: उघडी डबी. तळाशी बारीक भोक.]

हे भोक नीट बघा. सुईच्या टोकाएवढं. लिव्हर सोडली की ऑइल इथूनच डबीत परत येतं. हे बुजलं, किंवा आतला पिस्टन पुरता मागे सरकला नाही, तर दाब आतच कोंडतो. पॅड डिस्कला घासत राहतात. डिस्क तापते, ऑइल तापून फुगतं, ब्रेक आणखी आवळतो. आसूदच्या उतारावर, ओल्या वळणावर, मागे भरलेली टोपली असताना पुढचं चाक अडकलं तर गाडी सावरायला वेळच मिळत नाही.

तरुण मोबाइल पुढे करतो. कंपनीच्या साइटवर त्याने चॅसी नंबर टाकलाय. रिकॉल नाही, असं उत्तर आलंय.

"ही तुझ्या गाडीची कुंडली," मामा म्हणतात. "याची नव्हे."

सगळी अडचण इथेच आहे. रिकॉल शोधला जातो तो चॅसी नंबरावरून. ज्या गाडीवरून पार्ट काढला, तिचा नंबर हवा. गाडी कापली की हॅन्डलच्या मानेवर ठोकलेला तो 17 अक्षरांचा नंबर पत्र्याबरोबर भंगारात जातो आणि पार्ट बिननावाचा उरतो. पार्टवरचा नंबर तो कुठल्या मॉडेलला बसतो एवढंच सांगतो. त्यावरून गाडी कळत नाही.

म्हणून जुना पार्ट घेतानाच त्या गाडीच्या आरसीचा किंवा चॅसी नंबराचा फोटो मागावा. गंजलेला नंबर वाचताना एक ध्यानात ठेवा: त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं नसतात. गोल दिसलं तर ते शून्यच. नंबर मिळाला की शोरूमच्या सर्व्हिस काउंटरवर दोन गोष्टी विचारा. या गाडीला रिकॉल होता का? असला, तर काम झालं होतं का? काम झालेलं असेल तर तिच्यावरचा सिलिंडर उलट बदललेला, चांगला असेल. पहिल्याच उत्तरावर थांबू नका.

आपल्याकडे 2012 पासून कंपन्या स्वेच्छेने गाड्या परत बोलावत आल्या. 2019 च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने सरकारलाही तसा आदेश देता येतो. पण भंगारात सुटा झालेला पार्ट शोधत कुणी येत नाही. तो बसवणाऱ्यानेच विचारायला हवं.

चाक उचलून फिरवायचं, ब्रेक दाबून सोडायचा, ही परीक्षा मामा नेहमी घेतात. आज ती घेत नाहीत. थंड गाडीवर एकदा चाक मोकळं फिरलं म्हणून उतारावर तापल्यावरही ते फिरेलच असं नाही, असं ते सांगतात.

[तरुण फोनवर.]

विकणारा म्हणतो, गाडी गेल्या महिन्यातच कापली. कागद नाहीत. नंबर लिहून ठेवला नाही.

मामा झाकण लावतात, दोन्ही स्क्रू आवळतात, पार्ट पुन्हा त्याच कागदात गुंडाळतात. नव्या सिलिंडरसाठी दापोलीला फोन जातो. उद्या दुपारपर्यंत येईल.

संध्याकाळी हर्णैचा लिलाव सुरू होतो. तरुण आज एसटीने आलाय, टोपली मांडीवर घेऊन.